आधी मीटर, मग पक्कड: वागळे इस्टेटमधले ऑटो इलेक्ट्रिशियन काका

गाडीत बाहेरून काही बसवून घेतल्यावर बॅटरी उतरायला लागली, फ्यूज उडायला लागले, स्पीकरमधून शिट्टी ऐकू यायला लागली, तर ठाण्यात गाडी कुठे न्यायची हे मला आता ठामपणे सांगता येतं. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर 22 च्या आतल्या बाजूला, फॅब्रिकेशनच्या एका वर्कशॉपला लागून पत्र्याची शेड आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. ‘सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, बॅटरी चार्जिंग’ एवढंच रंगवलंय. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, हाताखाली एक मुलगा. आजूबाजूचे रिक्षावाले, टेम्पोवाले सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन काम करते, वर्तकनगर, माजिवडा, मानपाडा, कधी थेट कासारवडवलीपर्यंत. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी असतात, पक्षाघातातून उठू बघणारे आजोबा असतात. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत शरीर सगळ्यांत भरभर सावरतं, त्यामुळे तेव्हाचा एकेक दिवस मोलाचा. सकाळी गाडी नुसती टिकटिक करून गप्प बसली की त्या घरात कुणीतरी खुर्चीत बसून माझी वाट बघतंय, हे आठवून जीव वरखाली होतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. हाच त्रास भोगणारे बरेच जण असणार, आणि त्यातल्या कित्येकांना नवीन बॅटरी गळ्यात मारली जात असणार.

गाडी पेट्रोलवरची वॅगनआर. एका ॲक्सेसरीच्या दुकानातून तिच्यात तीन गोष्टी एकदम बसवून घेतल्या: नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, मागचा कॅमेरा आणि पार्किंग मोडवाला डॅशकॅम, म्हणजे गाडी उभी असतानाही पहारा ठेवणारा काचेवरचा कॅमेरा. वस्तू चांगल्या होत्या, आजही व्यवस्थित चालतात. घोळ झाला तो बसवण्यात. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फच मारेना. गाण्याचा आवाज वाढवला की स्टिरिओ बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढायची-उतरायची. रिव्हर्स टाकला की कधीकधी मागचा दिवा आणि कॅमेरा दोन्ही जायचे, कारण फ्यूज उडलेला असायचा.

बसवणाऱ्या दुकानात उत्तर मिळालं, “मॅडम, बॅटरी वीक झालीय, नवीन टाका.” फ्यूज उडतो म्हटल्यावर तिथल्या मुलाने मोठा फ्यूज खुपसून दिला. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी स्कॅनरला लावली, तर बिघाडाचा एकही कोड नाही. येणार तरी कुठून? स्कॅनर बोलतो तो गाडीच्या स्वतःच्या मॉड्यूलशी, म्हणजे कंपनीने बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल डब्यांशी. बाहेरून जोडलेला डॅशकॅम त्याच्या गावीही नसतो. ‘स्कॅनिंगमध्ये सगळं ओके आहे’ हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं: ॲक्सेसरीची चूक त्या यंत्रात बहुधा दिसतच नाही, ती मीटरने शोधावी लागते.

काकांनी बोनेट उघडण्याआधी विचारपूस केली. “ताई, काय काय लावलंय? सगळं एकाच वेळी की वेगवेगळं? आणि त्रास कशानंतर सुरू झाला?” मग गाडी रोज किती चालते, कुठे उभी असते, रिमोटने लॉक होते का, चावी फिरवल्यावर आवाज नक्की कसा येतो. आमच्या कामातही निम्मं निदान या विचारपुशीतच होतं. बोटांना मुंग्या येतात म्हणणाऱ्या पेशंटची बोटं चोळून भागत नाही, मान तपासावी लागते. काका गाडीकडे त्याच नजरेने बघतात, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

पहिली मोजणी बॅटरीची. रात्रभर उभ्या गाडीच्या टर्मिनलवर 12.1 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास दाखवते, म्हणजे माझी निम्म्याहून खाली गेलेली. इंजिन सुरू केल्यावर आकडा 14.2 वर गेला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक. मग बॅटरी काढून चार्जरवर लावली आणि भरल्यावर लोड टेस्टरने ताण देऊन बघितलं. व्होल्टेज 10 च्या वर टिकलं. “बॅटरी चांगली आहे,” काका म्हणाले, “रात्री कोणीतरी पितंय तिला.” त्यांच्या शेडमध्ये नव्या बॅटऱ्या एकावर एक रचलेल्या होत्या. माझ्यासारख्या बाईला तिथल्या तिथे चार-साडेचार हजारांची बॅटरी विकणं त्यांना अगदी सोपं होतं. त्यांनी ती विकली नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

रात्री कोण पितंय हे शोधण्याची त्यांची पद्धत मला सगळ्यांत आवडली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा ठेवला, पण त्याच्या कुलपाची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवली आणि जिथे दरवाजाच्या चौकटीवर स्विच असतो तिथे तोही चिकटपट्टीने दाबून ठेवला. गाडीला वाटावं की दरवाजा बंद आहे, आणि आपला हात मात्र आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत पोचावा. (दरवाजा लावायच्या आधी ती कडी पुन्हा मोकळी करायची, नाहीतर आदळून मोडते.) गाडी लॉक केली, चावी लांब टेबलावर ठेवायला सांगितली आणि बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर अडकवला. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, इथे डीसीवाला लागतो, आणि वापरण्याआधी तो शून्यावर आणावा लागतो.

मग आम्ही थांबलो. खरोखर काहीही न करता थांबलो. काकांनी चहा मागवला. गाडी लॉक केली म्हणजे लगेच झोपते असं नाही. तिच्यातले मॉड्यूल एकेक करून बंद होतात. काही गाड्यांना पाच-दहा मिनिटं पुरतात, काहींना अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. घाईने मोजलं तर चांगल्या गाडीतही गळती दिसते. आकडा सुरुवातीला मोठा होता, पायऱ्या उतरल्यासारखा खाली येत गेला आणि एका जागी थांबला: 0.34 अँपिअर. झोपलेल्या गाडीने 0.05 च्या आत राहायला हवं.

0.34 ऐकायला किरकोळ वाटतं. काकांनी कागदावर हिशेब मांडला. एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर, त्या मापाने चोवीस तासांत 8 अँपिअर-अवरच्या थोडं वर. माझी बॅटरी 35 अँपिअर-अवरची. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ धरली तर 12 गेले. त्यात माझ्या गाडीची दिनचर्या अशी की दोन-तीन किलोमीटर जायचं, तासभर उभी करायची, पुन्हा निघायचं. घोडबंदर रोडला कोंडीत एसी, पंखा, दिवे चालू आणि इंजिन मात्र मंद. मंद इंजिनावर अल्टरनेटर कमी करंट देतो, बॅटरी पूर्ण भरतच नाही. अर्धीमुर्धी भरलेल्या बॅटरीतून 12 गेल्यावर सेल्फला द्यायला काय उरणार? तो कागद मी जपून ठेवलाय. इतकं सरळ मला आधी कुणीच समजावलं नव्हतं.

कुठल्या सर्किटमधून जातंय हे बघायला बहुतेक जण एकेक फ्यूज उपटतात. काका म्हणाले, फ्यूज काढून घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि अर्धा तास पाण्यात. त्याऐवजी त्यांनी मीटर मिलिव्होल्टवर लावला. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्या दोघांवर मीटरच्या सुया टेकवायच्या. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर अगदी थोडं व्होल्टेज दिसतं, वाहत नसेल तर शून्य. शून्य, शून्य करत एका 10 अँपिअरच्या फ्यूजवर अडीच मिलिव्होल्टच्या आसपास आकडा आला. त्याच फ्यूजला डॅशकॅमची वायर जोडलेली होती.

पार्किंग मोडच्या डॅशकॅमला तीन वायरी येतात: एक अर्थिंगची (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्यासाठी), एक कायम करंटची आणि तिसरी चावी फिरवल्यावरच करंट येईल अशा जागी जोडायची. ही तिसरी वायर कॅमेऱ्याला सांगते की गाडी चालू आहे की उभी. माझ्या गाडीत दुसरी आणि तिसरी एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून, कायम करंटच्या फ्यूजवर बसवलेल्या होत्या. कॅमेऱ्याच्या लेखी गाडी दिवसरात्र धावत होती, त्यामुळे पार्किंग मोडमध्ये तो कधी गेलाच नाही, सतत रेकॉर्डिंग करत राहिला. स्क्रीन मिनिटभरात आपोआप काळी होते, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी त्या किटमध्ये जो व्होल्टेजचा खटका असतो तो सगळ्यांत खालच्या खुणेवर, 11.8 ला ठेवलेला. 11.8 म्हणजे बॅटरी जवळपास रिकामीच.

काकांनी दोन्ही वायरी सुट्या केल्या. तिसरी वायर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढायचा तयार जोड) वापरून चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर नेली. पार्किंग मोड ठेवायचा असेल तर खटका 12.2 च्या खाली नको, पण तुमचं चालवणं इतकं तुटक आहे की मी असतो तर तो मोडच बंद ठेवला असता, असं म्हणाले. आमच्या सोसायटीत सीसीटीव्ही आहे, मी तो बंद केला. पुन्हा लॉक, पुन्हा तीच प्रतीक्षा, आणि मीटरवर 0.02.

शिट्टीचं आणि स्टिरिओ बंद पडण्याचं कारण एकच निघालं, अर्थिंग. स्टिरिओची काळी वायर डॅशबोर्डच्या आतल्या एका रंग लावलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली अडकवली होती. आवाज वाढवून काकांनी त्या स्क्रूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं, 0.9 आलं. ते 0.1 च्या आसपास असेल तर चांगलं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी स्टिरिओला जवळजवळ एक व्होल्ट कमी मिळत होता, म्हणून तो पुन्हापुन्हा सुरू व्हायचा. आणि परतीची नीट वाट न मिळालेला करंट कॅमेऱ्याच्या केबलच्या जाळीतून मागच्या दिव्याजवळच्या अर्थिंगकडे जात होता. अल्टरनेटरची लहर त्यातून स्पीकरपर्यंत पोचायची. वायर कंपनीने दिलेल्या मूळ अर्थिंगच्या बोल्टवर, उघड्या धातूवर घेतली आणि शिट्टी त्याच क्षणी गेली. यावर फिल्टर विकणारे पुष्कळ आहेत. आधी अर्थिंग मोजायला सांगा.

रिव्हर्सच्या फ्यूजबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दरवाजातून येताना मूळ वायरिंगच्या रबरी नळीतून न घालता बिजागरीजवळून ओढली होती. दरवाजा उघड-बंद होताना ती चिमटली जायची, आवरण घासलं गेलं, आतलं तांबं बॉडीला टेकलं की शॉर्ट. म्हणून ‘कधीकधी’. आणि यावर इलाज काय केला होता, तर 10 अँपिअरचा लाल फ्यूज काढून 30 चा हिरवा. फ्यूज असतो वायरला वाचवायला. 10 च्या जागी 30 बसवला की शॉर्टच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. काकांनी डिकीच्या कडेचं प्लास्टिक उघडून दाखवलं, वायरचं आवरण मऊ होऊन शेजारच्या वायरला चिकटायला लागलं होतं. मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. तुमच्या गाडीत कुणी फ्यूज बदलून दिला असेल तर आजच रंग बघा: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. कुठल्या जागी किती हवा ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

कामाची सफाई डोळ्यांत भरण्यासारखी आहे. पिळलेला प्रत्येक जोड त्यांनी उघडला. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने स्वस्त टेपचा चीक सुटतो, जोडातलं तांबं हिरवं पडतं, आणि पुढच्या वर्षी नवीन दुखणं उभं राहतं. त्यांनी जोड क्रिम्प केले, म्हणजे धातूच्या नळीत घालून पकडीने दाबले, वर स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळली आणि वायरी कापडी टेपने मूळ वायरिंगला बांधल्या, म्हणजे खड्ड्यात खडखड नाही. स्टिरिओसाठी कापलेला मूळ कपलर (वायरी एकमेकींत खोचायचा प्लास्टिकचा जोड) नवा आणून बसवला आणि आता स्टिरिओ कपलरला कपलर लागतो. कंपनीचं वायरिंग कापलेलं दिसलं की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं, असं त्यांनी बजावलं. डॅशकॅमच्या वायरला फ्यूजही, करंट घेतो त्या टोकाजवळच. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरांकडे मुलाचा हात गेला तेव्हा काका पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. ते एअरबॅगचे असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे एअरबॅग फुटायला निमंत्रण.

मी थांबले असताना एक तरुण 100/90 वॉटचे हेडलाइट बल्ब घेऊन आला, नुसते बदलून द्या म्हणाला. काकांनी त्याला हिशेब सांगितला: कंपनीचे 60/55 चे. हाय बीमला दोन्ही मिळून 10 अँपिअर. 100 चे दोन म्हणजे सोळा-सतरा. मूळ स्विच आणि वायर त्यासाठी बनवलेले नाहीत, रिलेचं (मोठा करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणाऱ्या खटक्याचं) वेगळं वायरिंग बॅटरीपासून ओढलं तरच लावीन. तो निघून गेला. काकांनी अडवलं नाही. ‘गिऱ्हाईक जातंय’ म्हणून त्यांनी मत बदललं नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

आता अडचणी. गाडी दिवसभर सोडावी लागते, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, शेजारच्या ग्राइंडरचा आवाज सतत. फोन क्वचितच उचलतात. जीएसटीचं बिल मिळत नाही, साध्या चिठ्ठीवर लिहून देतात. ज्यांना ऑफिसकडून पैसे घ्यायचे असतील त्यांनी विचार करावा. कामाची लेखी गॅरंटी नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी केबलना ते हात लावत नाहीत, ते काम माझं नाही असं सरळ सांगतात. माझ्याकडून मजुरी 1,400 आणि सामानाचे 350 घेतले. बॅटरी चार्जिंगचे वेगळे काही लावले नाहीत. तपासणीचा वेळ बघता मला हे कमी वाटलं.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या सुमारास जा, तेव्हा उभी करायला जागा मिळते. दुपारनंतर टेम्पोंनी गल्ली भरते. रविवारी बंद. रात्रभर न चालवलेली गाडी नेली तर पहिली मोजणी खरी येते, म्हणून शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच सोडून या. ॲक्सेसरीच्या खोक्यात वायरिंगचा कागद आलेला असतो, तो घरात सापडला तर बरोबर ठेवा, काका तो बारकाईने वाचतात. आणि ज्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्यांनी हे आधीच विचारून घ्या: ॲक्सेसरीची काळी वायर थेट बॅटरीच्या खुंटीवर घेतली आहे का? तशी घेतली असेल तर तो करंट सेन्सरला दिसत नाही, गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. ती बॉडीच्या अर्थिंगवर घ्यायची असते. काका ते काम तिथल्या तिथे करून देतात.